औषधांस न जुमानणारे जंत

इ. स. २०१५ पासून आपल्या देशांत १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांना जंतांची एक गोळी चघळावयास देतात. तिचें नांव अल्बेंडाझोल. ज्या घरांत शाळेंत जाणारें मूल आहे, त्या घरास ती अपरिचित नाहीं. परंतु हें औषध प्रथम मनुष्याकरितां निघालेलेंच नव्हे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १९७७ सालीं तें ऑस्ट्रेलियांत मेंढ्यांना पाजण्याकरितां विक्रीस आलें. मनुष्यास तें देण्याची अनुज्ञा मिळाली ती त्यानंतर पांच वर्षांनीं. मनुष्याच्या जंतांवर आज जीं औषधें चालतात, त्यांपैकीं बहुतेक अशींच गोठ्यांतून व मेंढवाड्यांतून आपल्या घरांत आलेलीं आहेत. तेव्हां मेंढवाड्यांत त्या औषधांचें पुढें काय झालें, हा प्रश्न केवळ मेंढपाळाच्या नफ्यातोट्याचा राहत नाहीं. तो इतिहास फार जुना नाहीं, आणि आम्हांस त्यांत विलक्षण वाटते ती गोष्ट ही कीं, त्यांत जो पराभव झाला तो बहुतांशीं उद्योगी, नियमनिष्ठ व शास्त्रास मान देणाऱ्या लोकांच्या हातून झाला.

मेंढीच्या पोटांत नाना प्रकारचे जंत राहतात. त्या सर्वांचा परिचय करून देण्याचें हें स्थळ नव्हे. आमच्या कथेंतील मुख्य पात्र एकच आहे. त्याचें शास्त्रीय नांव हीमॉन्कस कॉन्टॉर्टस. रुडोल्फी नांवाच्या कृमिशास्त्रज्ञानें १८०३ सालीं त्याचें वर्णन केलें. मादी सुमारें इंचभर लांब असते. तिच्या अंगांतून रक्तानें भरलेलें तांबडें आंतडें जातें व त्याभोंवतीं पांढरे गर्भकोश पिळा घालून असतात. त्यामुळें ती तांबड्या-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखी दिसते. इंग्रजांना ती पाहून त्यांच्याकडील न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा पट्ट्यांचा खांब आठवला, व तेंच नांव त्यांनीं तिला देऊन टाकलें. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचे जे चार कप्पे, त्यांपैकीं चौथ्यांत हा जंत राहतो आणि तेथील अस्तरास चिकटून रक्त पितो. एक जंत दिवसास जेमतेम थेंबभर रक्त घेतो. पण दोन हजार जंत झाले कीं रोजचें शंभर मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला रक्त गेलें. आणि दोन हजार हा आंकडा मेंढीच्या पोटांत कांहीं मोठा नव्हे. मग पापणीच्या आंतील बाजू पांढरीफटक पडते, जबड्याखालीं पाणी सांचून पिशवी लोंबूं लागते, आणि अंगानें बरी दिसणारी मेंढीही एखाद्या दिवशीं चालतां चालतां कोसळते. मादी रोज पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंडीबरोबर बाहेर पडतात. पावसाळी उबेंत त्यांतून अळ्या निघतात. त्या गवताच्या पात्यावर ओलाव्याच्या आधारानें चढून बसतात व गवताबरोबर पुन्हां मेंढीच्या पोटांत जातात. तेथें तीन आठवड्यांत त्यांचे अंडीं घालणारे जंत बनतात. वाचकांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावे. पुढील साऱ्या प्रकाराचें बीज त्यांत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ह्या शत्रूशीं लढण्याचीं साधनें ओबडधोबड होतीं. मोरचुदाचें पाणी आणि तंबाखूच्या अर्कापासून केलेलें निकोटीन सल्फेट हीं त्यांतील प्रमुख. औषध थोडें कमी पडलें तर जंत वांचत, थोडें अधिक झालें तर मेंढी मरे. आपल्याकडेही ह्या विषयाचा अभ्यास त्याच सुमारास चालू होता, जी. डी. भालेराव ह्यांचा हिंदुस्थानांतील पाळीव जनावरांच्या कृमींवरील ग्रंथ १९३५ सालीं प्रसिद्ध झाला, व पुढें अनेक वर्षें तो ह्या विषयांत प्रमाण मानला गेला. परंतु जंत ओळखणें निराळें आणि मारणें निराळें.

खरा पालट १९३८ सालीं झाला. फेनोथायझीन नांवाचा एक पदार्थ १८८३ सालींच बेर्न्टसेन ह्या जर्मन रसायनज्ञानें रंगद्रव्यांचा अभ्यास करतां करतां तयार केला होता. अर्धशतक तो बाटलींत पडून होता. मग कोणी त्याचा कीटकनाशक म्हणून उपयोग करून पाहिला, आणि अमेरिकेंत असें आढळलें कीं त्यानें जनावरांच्या पोटांतील जंतही मरतात. एका मोठ्या मेंढीस तो सुमारें पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून अधिक पाजावा लागे, आणि मेंढीचें मूत्र तांबडें होऊन लोंकरीस डाग पडत. पण हें सोसण्यास मेंढपाळ आनंदानें तयार झाले. महायुद्धाच्या काळांत लोंकर व मांस ह्यांची निकड होती. कित्येक ठिकाणीं तर तो चाटणाच्या मिठांतच मिसळून ठेवीत, म्हणजे मेंढ्यांनीं रोज थोडें थोडें औषध आपण होऊनच घ्यावें! आज ह्या युक्तीचें वर्णन वाचतांना अंगावर कांटा येतो.

त्याच काळांत आणखी एक लहानसें उपकरण निघालें, व आमच्या मतें त्याचें महत्त्व औषधाहून कमी नाहीं. सिडनी येथील मॅकमास्टर प्रयोगशाळेंतील गॉर्डन व व्हिटलॉक ह्यांनीं १९३९ सालीं लेंडींतील अंडीं मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. लेंडी मिठाच्या दाट पाण्यांत कालवावी, म्हणजे अंडीं तरंगून वर येतात. आंखलेल्या कांचेच्या कप्प्यांत तीं सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावीं. औषधापूर्वीं मोजावें आणि दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां मोजावें, म्हणजे औषधानें आपलें काम केलें कीं नाहीं तें कळतें. मेंढी तोंडानें जें सांगूं शकत नाहीं तें ही कांच सांगते. दुर्दैव असें कीं, औषध देणारे लाखों झाले, पण मोजून पाहणारे थोडे.

ज्यांनीं मोजून पाहिलें त्यांत अमेरिकेंतील केंटकी संस्थानचे ड्रज व त्यांचे सहकारी होते. १९५७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, त्यांच्याजवळील हीमॉन्कसचा एक वाण फेनोथायझीनला दाद देत नाहीं. ही ह्या इतिहासांतील पहिली धोक्याची घंटा. ती कोणी फारशी ऐकली नाहीं, ह्याचें कारण उघड आहे. चारच वर्षांनीं, १९६१ सालीं, थायाबेंडाझोल आलें. तें अनेक जातींच्या जंतांना मारी आणि मेंढीस अपाय जवळजवळ करीत नसे. जुनें औषध निकामी होत असेल तर होवो, असें वाटण्यासारखाच तो प्रसंग होता. पण १९६४ सालीं त्याच हीमॉन्कसमध्यें थायाबेंडाझोलला न जुमानणारे जंत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. तीन वर्षें! आणि ह्या औषधाचे सगे भाऊ जे पुढें एकामागून एक निघाले, त्यांत आमच्या शाळेची गोळी अल्बेंडाझोलही येते, त्यांचा घाव जंताच्या एकाच मर्मस्थानीं पडत असल्यामुळें एकाला टाळावयास शिकलेला वाण दुसऱ्यासही टाळूं लागला.

‘शिकलेला’ हा शब्द आम्ही रूढीनें वापरला, पण तो फसवा आहे. लोक समजतात कीं, अफूबाजास जशी अफूची संवय होते तशी जंतास औषधाची होते. तसें मुळींच घडत नाहीं. एका जंतास त्याच्या आयुष्यांत कसलीच संवय होत नाहीं. तो जन्मतःच औषधानें मरणारा असतो किंवा न मरणारा असतो. थायाबेंडाझोलचा वंश जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन नांवाच्या प्रथिनास पकडतो. त्या प्रथिनाच्या साखळींत दोनशेव्या जागीं जो दुवा असतो, तो बदलून त्याच्याऐवजीं दुसरा दुवा आला कीं औषधाची पकड सुटते, हें १९९४ सालीं उघडकीस आलें. कोट्यवधि अंड्यांत असा बदललेला जंत कुठेंतरी असावयाचाच, मग औषध जगांत निघालेलें असो वा नसो. औषध त्याला निर्माण करीत नाहीं. तें केवळ त्याच्या भाऊबंदांना मारून त्याला सारी इस्टेट मोकळी करून देतें.

एवढें समजल्यावर पुढील कथा अपरिहार्य वाटूं लागते. १९६६ सालीं बेल्जममधील जॅन्सन ह्यांच्या प्रयोगशाळेंतून टेट्रामिसोल व त्यांतूनच पुढें लेव्हामिसोल निघालें. दहाबारा वर्षांत त्यालाही न जुमानणारे जंत निघाले. त्यानंतर जपानमधील कावाना येथील मैदानाजवळच्या मातींत सातोशी ओमुरा ह्यांना एक सूक्ष्म जीव सांपडला. अमेरिकेंतील मर्क कंपनींत विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच्यापासून आयव्हरमेक्टिन तयार केलें, व १९८१ सालीं तें बाजारांत आलें. ज्या मेंढीस फेनोथायझीन पंचवीस ग्रॅम लागे, तिला हें दहा मिलिग्रॅम पुरे, म्हणजे अडीच हजारावा हिस्सा! आफ्रिकेंतील नदीकांठच्या लोकांना आंधळें करणाऱ्या रोगावरही तें गुणकारी ठरलें. ओमुरा व कॅम्बेल ह्यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें यथायोग्यच होतें. मात्र मेंढ्यांपुरतें पाहिल्यास, पारितोषिक मिळण्यापूर्वीं सत्तावीस वर्षें, १९८८ सालींच, दक्षिण आफ्रिकेंतील व्हान वाइक व मलान ह्यांनीं असे हीमॉन्कस दाखवून दिले होते कीं जे आयव्हरमेक्टिनला तर जुमानीत नसतच, पण त्याखेरीज आणखी दोनतीन निरनिराळ्या वंशांच्या औषधांनाही जुमानीत नसत.

आतां दोष कोणाचा? मेंढीचें वजन अंदाजानें ठरवून औषध कमी पाजणें, स्वस्तांतलें निकृष्ट औषध घेणें, बाहेरून विकत आणलेल्या एडक्याबरोबर त्याच्या पोटांतील हट्टी जंतही कळपांत आणणें, हे दोष जगभर झाले व होत आहेत. त्यांवर रागावणें सोपें आहे. पण आमच्या मनास अधिक चटका लावणारें उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचें आहे, कारण तेथें चूक कोणी निष्काळजीपणानें केली नाहीं. त्या प्रदेशांत उन्हाळा कडक व कोरडा. अंडीं व अळ्या कुरणांत वाळून मरतात, आणि जगणारे जंत तेवढे मेंढ्यांच्या पोटांत उरतात. तेव्हां तज्ज्ञांनीं विचार केला कीं, ह्याच वेळीं सर्व कळपास औषध पाजावें. आंतले जंत औषधानें मेले, बाहेरचे उन्हानें मेले, म्हणजे पावसाळ्यांत कुरण स्वच्छ. तर्कांत खोट कोठेंच नव्हती. कित्येक वर्षें त्याचें फळही उत्तम मिळालें. पण त्या औषधांतून जे चारदोन जंत वांचले, त्यांच्या संततीस नव्या पावसांत सबंध कुरण रिकामें मिळालें; औषध न पाहिलेला एकही प्रतिस्पर्धी तेथें उरला नव्हता. दुसऱ्या एका जातीच्या, टेलाडॉर्सेजिया नांवाच्या जंतांत तेथें आयव्हरमेक्टिनच्या वंशास प्रतिकार फैलावला, तो ह्याच उत्तम योजनेच्या मार्गानें. औषध पाजून लगेच कळप नव्या कुरणांत हलवावा, ही जी सल्ला अन्यत्र वर्षानुवर्षें दिली जात होती, तिचाही परिणाम हाच.

दहा हजार जंतांत औषध न लागणारे पांच असतील, आणि औषधानंतर तेच पांच राहिले, तर पुढची सारी प्रजा त्यांची. पण त्याच कुरणांत औषध न घेतलेल्या मेंढ्यांच्या जंतांचीं अंडीं लाखोंनीं पडलेलीं असतील, तर त्या पांचांची संतति हौदांत पडलेल्या चिमूटभर मिठाप्रमाणें विरून जाते. म्हणजे जे जंत औषधाच्या तडाख्यांतून बाहेर राहतात, ते मेंढपाळाचे शत्रु असूनही एका अर्थीं त्याचे रक्षक असतात. शास्त्रांत त्यांना ‘रेफ्युजिया’, म्हणजे आश्रयास राहिलेले, असें म्हणतात. व्हान वाइक ह्यांनीं २००१ सालीं प्रिटोरियाजवळच्या ऑण्डरस्टेपूर्टच्या नियतकालिकांत ह्या गोष्टीवर एक दीर्घ लेख लिहून असें प्रतिपादन केलें कीं, प्रतिकार वाढण्याच्या कारणांपैकीं सर्वांत प्रबळ कारण हें, आणि आजवर दुर्लक्षिलें गेलेलेंही हेंच. ऑण्डरस्टेपूर्टची संस्था आर्नोल्ड थायलर ह्यांनीं १९०८ सालीं स्थापिली. जनावरांच्या रोगांना समूळ उखडून टाकण्याच्या कामीं तिची कीर्ति झाली. त्याच संस्थेच्या पत्रांतून ‘कांहीं जंत जिवंत ठेवा’ असें सांगण्याची पाळी यावी, ह्यांत काळाचा विनोद आहे.

पण सांगणें सोपें, करणें कठीण. कोणती मेंढी औषधावांचून सोडावी? येथें दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनीं जी युक्ति काढली ती आम्हांस अतिशय आवडते, कारण तींत यंत्र नाहीं कीं रसायन नाहीं. हीमॉन्कस रक्त पितो. रक्त कमी झालें कीं पापणीची आंतली बाजू फिकी पडते. हें तर धनगराच्या पोरासही ठाऊक असतें. फाफा मलान ह्या पशुवैद्यांनीं पापणीच्या रंगाचे तांबड्यापासून पांढऱ्यापर्यंत पांच नमुने एका पत्र्यावर छापण्याची कल्पना काढली. मेंढीची खालची पापणी उलटावी, रंग ताडून पहावा. पहिल्या दोन रंगांची असेल तिला औषध देऊं नये, शेवटच्या दोन रंगांची असेल तिला अवश्य द्यावें. त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन ह्या पत्र्यास ‘फामाचा’ म्हणतात. असें आढळलें कीं, कळपांतील थोड्याच मेंढ्या बहुतेक जंतांचा भार वाहतात. बाकीच्यांना वर्षभरांत एकदांही औषध लागत नाहीं. ज्यांना वारंवार लागतें त्या पैदाशींतून काढून टाकल्या, म्हणजे कळपही सुधारत जातो. मात्र प्रत्येक मेंढीस धरून तिचा डोळा पाहणें हें काम हजारों मेंढ्यांच्या मालकास जड जातें. शंभरपन्नास मेंढ्यांच्या मालकास तें सहज जमतें, आणि म्हणूनच ही रीत लहान मेंढपाळांत व शेळ्या पाळणाऱ्यांत अधिक रुजली.

नव्या औषधांचा शोध थांबलेला नाहीं. मोनेपांटेल नांवाचें अगदीं निराळ्या वंशाचें औषध २००९ सालीं न्यूझीलंडांत विक्रीस आलें. त्याला न जुमानणारे जंत त्याच देशांत २०१३ सालीं नोंदले गेले. निराळ्या वाटेनें जाणारा एक प्रयत्न मात्र सांगण्यासारखा आहे. २०१४ सालीं ऑस्ट्रेलियांत हीमॉन्कसवर लस निघाली. स्कॉटलंडमधील मोरडन संस्थेनें ती शोधिली आणि पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ऑल्बनी येथें ती तयार होते. जंताच्या आंतड्याच्या अस्तरांतील प्रथिनें काढून तीं मेंढीस टोंचतात. मेंढीच्या रक्तांत त्यांविरुद्ध द्रव्यें तयार होतात. जंत तें रक्त पितो आणि त्याचें आंतडें बिघडतें. ज्या रक्तासाठीं तो आला तेंच त्याला बाधतें. पण हीं प्रथिनें प्रयोगशाळेंत अद्याप नीट बनवितां येत नाहींत; लसीकरितां जंत मेंढ्यांच्याच पोटांत वाढवून, त्या कापल्यावर तेथून गोळा करावे लागतात.

आपल्या देशांत फेनोथायझीन व थायाबेंडाझोल ह्यांना न जुमानणारे हीमॉन्कस १९७६ सालींच नोंदले गेले. त्यानंतर अनेक प्रांतांतून अशा नोंदी आल्या, आणि त्यांचा कल पाहण्यासारखा आहे: सरकारी व संस्थांच्या मेंढीपैदास केंद्रांत प्रतिकार अधिक, खेड्यांतल्या कळपांत तुलनेनें कमी. जेथें वेळापत्रक होतें, नोंदवही होती, औषधाचा सांठा होता, तेथें जंत हट्टी झाले. आमचा दख्खनचा धनगर पावसाळा संपल्यावर कळप घेऊन निघतो, मुलखामुलखांतून शेतांत मेंढरें बसवितो, आणि औषध पाजलेंच तर मेंढी पडूं लागल्यावर पाजतो. त्याच्या ह्या रीतीचें आम्ही गोडवे गात नाहीं. तींत कोकरें पुष्कळ दगावतात, आणि त्यांची नुकसानी सोसण्याची त्याची ऐपत नसते. परंतु त्याच्या मेंढ्यांच्या पोटांत अजून औषधानें मरणारे जंत आहेत, ही ठेव पैदास केंद्रांपाशीं फारशी उरलेली नाहीं. आतां तोही दुकानांतून बाटली आणून पाजूं लागला आहे, आणि कित्येक खेड्यांच्या कळपांतही अल्बेंडाझोलच्या वंशास प्रतिकार दिसूं लागला आहे.

फलटण येथील निंबकरांच्या कृषिसंशोधन संस्थेनें निराळाच मार्ग धरला. बंगालच्या सुंदरबनांतील गॅरोल ही ठेंगणी मेंढी पाणथळ, जंतांनीं बुजबुजलेल्या मुलखांत पिढ्यानुपिढ्या राहिलेली; तेथें जी टिकली ती औषधावांचून टिकली. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें ह्या संस्थेनें तिचा दख्खनी व बन्नूर मेंढ्यांशीं संकर करून कोकरांच्या लेंड्यांतील अंडीं मोजलीं, आणि त्यांचा जंतांशीं होणारा सामना निव्वळ दख्खनी कोकरांपेक्षां सरस आढळला. तो वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. अंगानें लहान असणें ही त्या रक्ताची उणीव, आणि मेंढी तर वजनावर विकली जाते. तेव्हां किती वजन सोडून किती काटकपणा घ्यावा, हा हिशेब मेंढपाळास स्वतःच मांडावा लागेल.

राहतां राहिली मुलांची गोळी. मनुष्याच्या जंतांत मेंढ्यांच्या जंतांसारखा सर्रास प्रतिकार अद्याप आढळलेला नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कोणी घाबरून गोळी चुकवूं नये. मनुष्याचे जंत जातीनें निराळे आहेत, त्यांची पिढी सावकाश वाढते, आणि त्यांना औषध वर्षांतून एकदोन वेळांच गांठतें. शिवाय ही गोळी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांनाच देतात. सबंध गांवास, लहानथोर सर्वांस, एकाच दिवशीं ती द्यावी म्हणजे जंतांचें मूळच उपटेल, असाही एक पक्ष आहे, व त्याचे प्रयोग कित्येक देशांत झाले आहेत. त्या पक्षाची तळमळ खरी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांतल्या तज्ज्ञांचीही होती. आज तरी गोळी चघळणाऱ्या मुलाचे आईबाप व आजाआजी त्या दिवशीं गोळी घेत नाहींत, आणि त्यांच्या पोटांत जे कोणी जंत असतील त्यांनीं हें औषध पाहिलेलें नसतें.